कंट्रोलर गाडीत बसत नाही

शनिवार, ८ फेब्रुवारी. दुपारची पोरं जेवून गेली, भांडी झाली, धपाट्यांसाठी लसूण सोलून ठेवला आहे. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, तीळ, ओवा, हिरवी मिरची असं सगळं परातीत काढलं आहे. भिजवायचं ते संध्याकाळच्या पोळ्या झाल्यावर. हे धपाटे उद्या सकाळच्या गाडीनं कंधारला जायचे आहेत आणि त्यांच्याबरोबर एक माणूस जायचा आहे. धपाट्यांची मला काळजी नाही. डबा सीटवर ठेवला की तो उठून खाली उतरत नाही. माणसाची खात्री देता येत नाही.

हे गृहस्थ लातूरच्या स्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसून, नाक दाबल्यासारख्या आवाजात, कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली ते माइकवर सांगायचं आणि ती वेळेवर बाहेर काढायची, हे त्यांचं काम. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अख्खी गल्ली त्यांना अजून कंट्रोलरच म्हणते. त्यांचं खरं नाव मी एकदा गॅसच्या सिलिंडरवाल्याकडून ऐकलं होतं आणि तो पत्ता चुकला असं समजून त्याला परत पाठवलं होतं.

दिवाळीत त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, मुलाकडं कंधारला गेल्या त्या तिथंच राहिल्या. नातू झाला, घर मोठं आहे, आता दोघांनी तिकडंच राहायचं ठरलं. सामान टेम्पोनं गेलं. लातूरच्या घरात एक सतरंजी, एक तांब्या आणि कंट्रोलर एवढंच उरलं. तेव्हापासून ते अधूनमधून पिशवी घेऊन स्टँडवर जातात. कंधारच्या गाडीला गर्दी असते. मग म्हाताऱ्याला पुढं घे, लेकरूवालीला खिडकी दे, दारात लोंबकळणाऱ्या पोरांना मागं सरकव, असं करत ते गाडी नीट भरतात, पत्र्यावर थाप मारतात आणि गाडी निघून जाते. कंट्रोलर खालीच. मग पिशवीसकट माझ्या मेसवर, जेवायला.

सोमवारी नांदेडला वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आधी दोनदा पुढं ढकललं, कारण हे पोचले नाहीत म्हणून त्या दवाखान्यात गेल्या नाहीत. आज सकाळी त्यांचा फोन आला.

"ताई, ह्यांच्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार न्हाई. आन् डॉक्टर म्हणलाय, आता लांबवलं तर डोळ्याची जिम्मेदारी माझी न्हाई. उद्या त्यांला गाडीत घालून द्या. कसं घालायचं ते तुम्हाला ठाऊक हाय."

ठाऊक आहे. असं एकदा नाही, दोनदा केलेलं आहे. तेच लिहायला बसले आहे, म्हणजे उद्यासाठी उजळणी होईल.

कोरोनात क्लासेस बंद झाले, डॉक्टर व्हायला आलेली पोरं गावाकडं गेली आणि माझ्या मेसला कुलूप लागलं. शरीराला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. ते पहाटे उठून बसायचं आणि कणीक किती मळायची म्हणून विचारायचं. बंदी जरा सैल झाल्यावर मी कॉलेजच्या ग्राउंडकडं चालायला जायला लागले. चालणं मला जमेना. रिकाम्या हातानं सावकाश चालायची सवयच नाही. म्हणून पळायला लागले.

ग्राउंडच्या फाटकाशी एक गृहस्थ लूना लावून उभे होते. डोक्याला मफलर, तोंडाला मास्क, आणि लूनाच्या दांडीला एक पितळी घंटा, दोरी बांधलेली. भंगारात निघालेल्या कुठल्याशा गाडीतली ती कंडक्टरची घंटा होती. मला पळत येताना पाहिल्यावर त्यांनी एकच टोला दिला. आयुष्यभर लाल गाडीतनं फिरलेलं माणूस एका टोल्याला थांबतं. मी थांबले.

"कुठं निघालात?"

"पळायला."

"पळायला म्हणजे कुठं?"

"कुठंच नाही. जाऊन परत यायचं."

"जाऊन परत यायचं म्हणजे फेरी झाली. फेरीला गाव लागतं. माहेर कुठलं?"

"रेणापूर."

"बरं. लातूर-रेणापूर, साधी गाडी. म्होरची गाडी त्या खांबापल्याड जाऊ द्या, मग सोडतो." त्यांनी घड्याळ पाहिलं, रस्ता पाहिला आणि दोन टोले दिले. मी निघाले. का निघाले ते आजही सांगता यायचं नाही. डबल बेल झाली की निघायचं, एवढंच आतमध्ये कुठंतरी बसलेलं असतं.

त्या दिवसापासून मी रेणापूर. माझ्याआधी तिथं उदगीर होते, म्हणजे गंजगोलाईत कापडाचं दुकान असलेले एक जाडजूड व्यापारी, कपाळाला विभूती, आल्याबरोबर सगळ्यांना नमस्काराऐवजी लिंगायतांच्या रीतीनं शरणार्थी म्हणणारे. नंतर मुदखेड आले. ते रेल्वेत होते, मुदखेड जंक्शनवरून बदली होऊन आलेले, आणि प्रत्येक गोष्टीवर दोन्ही बाजूंनी विचार करणारे. कंट्रोलरना रेल्वेची माणसं आवडत नसत. "रुळावरची जात. वळायचं ठाऊक न्हाई," म्हणायचे. आणखीही पाचसहा गावं होती. माणसामाणसात एकेक मिनिटाचं अंतर ठेवून ते आम्हाला सोडायचे. कुणी मांडी धरून बसलं की "नादुरुस्त". कुणी आठ दिवस आलं नाही की "मार्ग बंद". उदगीर नेहमी सगळ्यांत शेवटी परत यायचे, तेव्हा ते नाकातल्या आवाजात पुकारा करायचे की लातूर-उदगीर गाडी उशिरानं धावत आहे, प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ग्राउंडवर प्रवासी म्हणून एक कुत्रं असायचं.

स्वतः कंट्रोलर कधी पळाले नाहीत. चाललेसुद्धा नाहीत. एकदा मी सरळ विचारलं की तुम्ही सगळ्यांना पळवता, तुमचं काय? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी ड्रायव्हरला तिकीट मागितलं.

"कंट्रोलर गाडीत बसत न्हाई. कंट्रोलरच बसला तर गाडी कोण सोडंल?"

लस आली तेव्हा त्यांनी आमची नवी वर्गवारी केली. एकही डोस नसलेला शेडमधला, त्यानं ग्राउंडच्या आतच गोल फिरायचं. एक डोसवाला नाक्यापर्यंत. दोन डोस झाले की लांब पल्ला. उदगीर दुसऱ्या डोसच्या दुसऱ्या दिवशी ताप अंगात घेऊन लांब पल्ल्याला हजर झाले, कारण इतके महिने ग्राउंडमध्ये गोल फिरून त्यांना घेरी यायला लागली होती. कंट्रोलरनी त्यांना परत शेडमध्ये घातलं.

मग गाड्यांचा संप सुरू झाला. महिनोन् महिने स्टँड मोकळं. कंट्रोलर रोज संध्याकाळी जाऊन फलाटाच्या कट्ट्यावर बसायचे आणि यायचे. संपाबद्दल बरं-वाईट काहीच बोलायचे नाहीत. ग्राउंडवर मात्र शिस्त वाढली. उशिरा आलेल्या माणसाला सोडत नसत. उदगीर कुरकुरले, तेव्हा मुदखेड म्हणाले, जाऊ द्या हो, सध्या लातुरातनं वेळेवर सुटणारी गाडी म्हणजे आपणच आहोत.

तशात बातमी आली की नांदेडची शर्यत परत होणार. एकवीस किलोमीटर. दोन डोस झालेल्यांनाच प्रवेश, पळणाऱ्यांना आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्यांनाही. जायचं की नाही यावर ग्राउंडच्या पायऱ्यांवर बैठक बसली, एकेक पायरी सोडून.

उदगीर म्हणाले, दोन-दोन सुया टोचून घेतल्या त्या कशासाठी, घरात बसायला? मुदखेड म्हणाले की लस घेतलेल्यालाही होतो, फक्त कमी होतो. पण हजारभर माणसं एका जागी धापा टाकणार म्हणजे कमी गुणिले हजार. शिवाय मोकळ्या हवेत लागण कमी, हेही खरं. शिवाय नवा प्रकार येतोय म्हणतात. शिवाय शर्यतीत टी-शर्ट चांगला देतात. मी माझं सांगितलं. मेस नुकती परत उघडली होती. पोरांचे आईबाप फोनवर पहिला प्रश्न जेवणाचा नाही, खोकल्याचा विचारत होते. मला साधा शिंकेचा आवाज आला असता तरी डबे बंद झाले असते. मला पळायचं होतं, पण मेस घालवून नाही.

कंट्रोलर सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाले, "पळण्यात धोका न्हाई. स्टँडवर हाय. माणूस गाडीत बसला की गुपचाप बसतो. चढताना जनावर हुतो. त्या शर्यतीचं काय, सुटताना सगळे एकाच दारातनं चढणार. सुटली की रस्ता मोकळा. आपून शेवटून सोडू. मी येतो. घंटा घेऊन."

हे सगळ्यांना पटलं. मलाही. इतक्या दिवसांच्या टीव्हीवरच्या चर्चेत इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

मुदखेड, दोन्ही बाजूंनी विचार करणारे, म्हणाले, "पण साहेब, बरोबर येणाऱ्यालाही दोन डोस लागतात. तुमचे झाले का?"

कंट्रोलरनी घड्याळ पाहिलं. "उदगीर, तुमची वेळ झाली," म्हणाले आणि दोन टोले दिले. उदगीर बैठक सोडून पळत सुटले.

मी संध्याकाळी वहिनींकडं गेले. त्या गवारी मोडत होत्या. मी विषय काढला तर शेंग हातातच राहिली.

"आठ वेळा गेले असतील, ताई. सगळ्या गल्लीला टोचून आणलं. ह्यांचा दंड कोरा. साखर हाय अंगात, वय हाय. मला रात्री झोप लागंना."

घडत होतं ते असं. उन्हाळ्यात लसीची टंचाई होती, तेव्हा कंट्रोलर पहाटे केंद्रावर गेले. केंद्र म्हणजे महापालिकेची शाळा. रांग कसली, ढीग होता. ते पुढं झाले, बायकांची वेगळी काढली, म्हाताऱ्यांना सावलीत बसवलं, फलाट पाडले, पुकारा सुरू केला. दुपारी लस संपली. शेवटचा माणूस नीट बसला, गाडी भरून गेली, कंट्रोलर समाधानानं घरी आले. दुसऱ्या वेळी केंद्रावरच्या लोकांनीच त्यांना खुर्ची दिली, रांगेसमोर. तिसऱ्या वेळी चहा. पुढं पुढं तर ते आले नाहीत तर केंद्रावरून फोन यायचा.

मी ठरवलं. कळवळा वगैरे म्हणून नव्हे. घंटा नसेल तर आमच्यातलं एकही माणूस जागचं हलणार नाही हे मला कळत होतं, आणि सुटतानाच्या गर्दीत घुसायची माझी तयारी नव्हती. शिवाय वहिनींना झोप नव्हती.

तोवर दिवाळी उलटली होती आणि टंचाई संपली होती. आता लस उरायची, माणसं संपायची. एक कुपी फोडली की ती ठरलेल्या वेळात कितीतरी दंडांत जावी लागते, नाहीतर टाकून देतात, हे मला तिथल्या सिस्टरनं सांगितलं. ती माझ्याकडं डबा लावणारी होती. एका संध्याकाळी केंद्र बंद व्हायच्या आधी मी तिथं गेले. कंट्रोलर दारात उभे राहून उरलेल्या माणसांना आत सोडत होते. शेवटी दोघे राहिले, मार्केट यार्डातले हमाल. मी त्यांना बाजूला घेतलं, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा म्हणून सिस्टरकडून कबूल करून घेतलं आणि सांगितलं की आत्ता माझ्या मेसवर भाकरी आणि भरली वांगी गरम आहेत. ते लगेच गेले. लसीपेक्षा वांगं लवकर पटतं.

मग मी आत जाऊन कंट्रोलरना हाक मारली. सिस्टर सुई भरून उभी होती. समोर खुर्ची रिकामी.

"साहेब, एक डोस राहिलाय. माणूसच नाही. फेकून द्यावा लागेल," ती म्हणाली.

कंट्रोलर दाराबाहेर डोकावले. रांग रिकामी. व्हरांड्यात गेले, फाटकापर्यंत गेले, रस्त्यावरच्या केळीवाल्याला विचारून आले, त्याचे दोन्ही झाले होते. परत आले. रिकाम्या खुर्चीकडं त्यांनी ज्या तऱ्हेनं पाहिलं तसं मी कुणाला आजारी माणसाकडंसुद्धा पाहताना बघितलेलं नाही.

"गाडी सुटून राहिलीय, साहेब," मी म्हणाले. "सीट रिकामी जातेय."

ते बसले. शर्टाची बाही वर केली. सुई टोचून झाल्यावर त्यांनी विचारलं, तिकीट कुठं मिळंल? सिस्टरनं त्यांच्या मोबाइलवर मेसेज येईल म्हणून सांगितलं. दुसऱ्या डोसला पुन्हा असंच. त्या वेळी चौघांना अंड्याच्या रश्श्याचं जेवण घालावं लागलं, आणि त्यांतले दोघे शाकाहारी निघाले म्हणून वेगळी डाळ टाकावी लागली.

मधे तिसरी लाट येऊन गेली आणि शर्यत पुढं ढकलली गेली. ते आमच्या पथ्यावरच पडलं. नाहीतर कंट्रोलरचा दुसरा डोस वेळेत बसला नसता.

जायचा दिवस ठरला, पण संप चालूच. नांदेडला जायचं कसं? राहिली काळी-पिवळी जीप. कंट्रोलरची सगळी नोकरी या जीपवाल्यांशी भांडण्यात गेलेली. स्टँडच्या फाटकाबाहेर उभे राहून ते आतले प्रवासी पळवायचे आणि कंट्रोलर काचेच्या खोलीतून बाहेर येऊन त्यांच्या चाव्या काढून घ्यायचे. आता त्यातल्याच एकाला त्यांनी बोलावलं. तो घाबरून आला. कंट्रोलरनी त्याला सांगितलं की निम्म्याच सीट भरायच्या, खिडक्या उघड्या, मधे कुणाला घ्यायचं नाही, आणि घंटी झाल्याशिवाय हलायचं नाही. तो म्हणाला, "साहेब, एवढ्या रिकाम्या जीपमधी मला गुदमरल्यासारखं हुईल."

आम्ही जीपमधून गेलो. कंट्रोलर नाही. ते आदल्या दिवशीच लूनावर निघाले, घंटेसकट. लोह्याला मेव्हण्याकडं मुक्काम करून पहाटे नांदेडात दाखल. नऊवारी नेसलेल्या एका बाईला त्यांनी वाटेत लूनावर मागं बसवून माळाकोळीला सोडलं होतं. स्वतःची लूनासुद्धा त्यांना रिकामी नेववत नव्हती.

शर्यतीचं मैदान म्हणजे त्यांनी सांगितलेलं स्टँडच होतं. दोन डोसचा मेसेज फाटकावर दाखवला, ताप मोजला, आत गेलं की खांद्याला खांदा. मास्क हनुवटीवर. व्यासपीठावरून एक माणूस माइकवर ओरडत होता आणि त्याचा आवाज कंट्रोलरना बिलकुल आवडला नाही. "गाडीचं नाव सांगंना, फलाट सांगंना, नुसता वरडतोय," म्हणाले. त्यांनी आम्हाला मैदानाच्या मागच्या कडेला, एका लिंबाखाली, अंतरा-अंतरानं उभं केलं आणि स्वतः लूनाजवळ उभे राहिले.

शिट्टी झाली. हजारभर माणसं एका दारातनं निघाली. धूळ उडाली, कुणी पडलं, कुणी ओरडलं. आम्ही उभे. गर्दी ओसरली, मागचे म्हातारे गेले, सेल्फी काढणारे गेले, एक नवरदेवाचा फेटा बांधलेला माणूस गेला. आम्ही उभेच. मैदान मोकळं झालं. आता घंटा होईल म्हणून मी पाय मोकळे केले. घंटा होईना.

एक स्वयंसेवक धावत आला. "ओ, शर्यत सुटली की. पळा ना."

"घंटी झाली नाही," मुदखेड म्हणाले. इतके शिकलेले मुदखेड.

आणखी दोघे आले. माइकवरच्या माणसाला आम्ही दिसलो. त्यानं विचारलं की ते झाडाखालचे रनर कुठले? कुणीतरी सांगितलं लातूरचे. त्याबरोबर कडेची माणसं हसायला लागली. एक जण ओरडला, "लातूरवाल्यांचा इथं बी संप हाय का?"

मी कंट्रोलरकडं गेले. "साहेब, सोडा आता. सगळं मैदान रिकामं आहे. याहून सुरक्षित काय होणार?"

"प्रवासी कमी हाय," ते म्हणाले.

मी मोजलं. उदगीर नव्हते. ते शिट्टीच्या आधी संडासच्या रांगेत उभे राहिले होते आणि अजून तिथंच होते. "आपण निघू, ते येतील मागून," मी म्हणाले.

"प्रवाशाला खाली ठिवून गाडी सोडायची न्हाई. ते काम जीपवाल्यांचं." मग हळू आवाजात म्हणाले, "रेणापूर, ह्या दोन वर्षांत लई माणसं खाली ऱ्हायली. माझ्या फलाटावरची न्हाई ऱ्हाणार."

मी जाऊन माझ्या जागेवर उभी राहिले. आमच्यासमोरून शेवटच्या धावकाच्या मागं राहणारी रुग्णवाहिका निघून गेली.

उदगीर आले, कपाळावरची विभूती पाण्यानं पुसलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं आपण जिंकत आलो की काय, त्यांनी सगळ्यांना शरणार्थी म्हणून हात जोडले. मग डबल बेल झाली. पहिले मुदखेड सुटले, एका मिनिटानं मी, आणि मागं एकेक गाव. अख्ख्या रस्त्यावर आम्हीच. पुढं दूर रुग्णवाहिकेचा लाल दिवा. पाण्याच्या टेबलांवरची माणसं टेबलं घडी करून निघालेली असायची. मुदखेड पुढं जाऊन त्यांना थांबवायचे, मी पाणी प्यायचे, उदगीर उरलेली केळी खिशात घालायचे. अंतर इतकं शिस्तीत की चौकातला पोलीस प्रत्येकाला शेवटचा समजून रस्ता मोकळा करायचा आणि पुढच्या मिनिटाला परत अडवायचा. मी कधी इतकं चांगलं पळालेले नाही. श्वास आपला, रस्ता आपला. आम्ही पोचलो तेव्हा मंडप सोडत होते. पदकं एका पोत्यात भरून ठेवली होती, ती आम्हीच हातानं काढून घेतली.

परत आल्यावर आमच्यात कुणाला शिंकही आली नाही. ते लसीमुळं, मोकळ्या हवेमुळं की घंटेमुळं, यावर मुदखेड अजून विचार करत आहेत. मेस चालू राहिली, मला तेवढं पुरे.

पोळ्यांची वेळ झाली. उद्याचं मी सगळ्यांना फोन करून सांगितलं आहे. पळायच्या कपड्यांत स्टँडवर या.

रविवार. कंधारची पहिली गाडी लागली तेव्हा मी खिडकीतून माझा रुमाल आत टाकला, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. कंट्रोलर पिशवी घेऊन आले आणि आल्याबरोबर कामाला लागले. खरे प्रवासी त्यांनी बसवले. मग आमची गावं एकेक करून चढली. उदगीर, मुदखेड, बाकीचे, सगळे बुटांत, सगळ्यांची वाटेतल्या आष्टामोडपर्यंतचीच तिकिटं. तिथं उतरून पळत परत यायचं असं ठरलं होतं. कंट्रोलरनी त्यांनाही नीट बसवलं, कुठं निघालात म्हणून विचारलंसुद्धा नाही. गाडी भरली. रुमालाची सीट तेवढी राहिली.

"रुमाल कुणाचा हाय?" त्यांनी आत डोकावून विचारलं. ते फलाटावर फिरून आले, चहाच्या टपरीपर्यंत जाऊन आले. कंधारला जाणारं माणूस कुठंच नव्हतं. मी धपाट्यांचा डबा त्या सीटवर ठेवला.

ते पायरीवर उभे राहून माझ्याकडं बघत राहिले. "रेणापूर, लसीच्या टायमाला बी तुम्ही हेच केलं हुतं. ते हमाल वांगी खाऊन आले ते मला दुसऱ्या दिवशी सांगत हुते."

"मग दुसऱ्या वेळी बसलात कशाला?"

"सीट रिकामी चालली हुती ना." ते आत गेले, डबा मांडीवर घेऊन बसले. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून खऱ्या काळजीनं म्हणाले, "पण आता गाडी कोण सोडंल?"

मी हात पुढं केला. त्यांनी पिशवीतनं घंटा काढली, जरा धरून ठेवली आणि दिली. चांगलीच जड आहे. मी दोन टोले दिले.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलंही नाही. डबल बेल झाली, त्यानं गाडी काढली. कंडक्टर अजून कंट्रोलच्या खोलीशी कागदावर सही करत होता. तो ओरडत पळत सुटला, फाटकाशी दाराची दांडी पकडून चढला. पळायची ढब चांगली होती, टाचा जरा आपटत होत्या. उद्या ग्राउंडवर ये म्हणून मी ओरडून सांगितलं.

मग मेसवर येऊन पोहे भिजवले. पोरांचा नाष्टा उरकून स्वयंपाकाला लागले, तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"गाडी आली, ताई. उतरले. पण अजून स्टँडच्या भायेर आले न्हाईत. परतीच्या गाडीला गर्दी हाय, तिथं माणसं बसवून राहिलेत."

"बसवू द्या," मी म्हणाले. "त्या गाडीत ते स्वतः बसत नाहीत."